चंद्राचं खळं, काळी कोर आणि मेदूवडा : विषाणूच्या न्यूमोनियात बुरशी शिरली तर सीटीत काय दिसतं?

छायाप्रकाश | रवि, रात्री १०:१२

परवा एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला गाठलं. हातात ताट, ताटात बासुंदी, आणि तोंडात प्रश्न : "डॉक्टर, २०२१ मध्ये आमच्या भावाच्या सीटी रिपोर्टात फंगल असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी औषध सुरू करायला चार दिवस लावले. का?" बासुंदी संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितोय.

मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे ज्याचं बिल रुग्णाला भेटतं पण जो स्वतः भेटत नाही, तो डॉक्टर. त्या भावाचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण त्यात 'स्पष्ट' काही नसणार हे पैजेवर सांगतो. आमची जमात स्पष्ट लिहीत नाही. 'फंगल इटिऑलॉजी नीड्स टु बी कन्सिडर्ड, क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.' म्हणजे बुरशी असू शकते, रुग्णाला तपासून ताडून बघा. लोकांना वाटतं आम्ही अंग काढून घेतो. कधीकधी घेतोही. पण या बाबतीत ते वाक्य खरं असतं.

एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मे २०२१. पन्नाशीचा माणूस, जुना मधुमेह. पहिला सीटी आजाराच्या सहाव्या दिवशी. दोन्ही फुफ्फुसांत कडेकडेने आणि पाठीच्या बाजूला दुधी काच, बाथरूमच्या खिडकीला असते तशी. पलीकडचं दिसतं, पण धूसर. स्कोअर २५ पैकी १३. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), बारा दिवसांनी घरी. तेविसाव्या दिवशी परत आला : ताप, उजव्या कुशीत टोचतंय, थुंकीत रक्ताची रेघ, साखर चारशेच्या वर.

दुसरा सीटी उघडला आणि शेजारी पहिला लावला. खालची दुधी काच बरीच निवळली होती. पण उजव्या वरच्या खंडात, जिथे पहिल्या वेळी काहीही नव्हतं, तिथे लिंबाएवढं एक कडं. कड जाड आणि पांढरी, आत राखाडी, आणि त्या राखाडीत सुगरणीच्या खोप्यासारख्या आडव्यातिडव्या रेघा. माझ्या मागे उभा असलेला टेक्निशियन म्हणाला, "सर, मेदूवडा." पुस्तकात याला रिव्हर्स हेलो म्हणतात. मला तेव्हापासून मेदूवडाच आठवतो.

मी रिपोर्ट टाइप करण्याआधी फोन उचलला. दुसऱ्या दिवशी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकांत दुर्बीण घालून तपासणी) झाली, नमुन्यात म्युकर, म्हणजे तीच 'काळी बुरशी', सापडली. पुढे तो वरचा खंड शस्त्रक्रियेने काढावा लागला. गेल्या वर्षी एक्स-रेला आला होता. तब्येत ठीक, तंबाखू सुटलेली नाही.

आता हाच मेदूवडा मी त्या महिन्यात आणखी काही जणांत पाहिला आणि त्यांना बुरशी नव्हती. कोविडच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरून येताना अशी कडी करतो, त्याला ऑर्गनायझिंग न्यूमोनिया म्हणतात. ती कडी बहुधा अनेक असतात, कड बारीक असते आणि स्टेरॉइडने विरतात. म्हणजे एकाच चित्राला एका रुग्णात स्टेरॉइड हे औषध आणि दुसऱ्यात तेच विष. चार दिवस का लागतात त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बाकी खुणा थोडक्यात. खळं : पांढऱ्या गाठीभोवती दुधी कडं. पावसाळ्यात चंद्राला पडतं अगदी तसं. बुरशीचे धागे रक्तवाहिनीत शिरतात, ती तुंबते, पुढचा भाग मरतो आणि भोवती रक्त झिरपतं. ते रक्त म्हणजे खळं. १९८५ मध्ये हे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत वर्णन केलं गेलं. कोर : दोन-तीन आठवड्यांनी मेलेला गाभा आक्रसतो आणि त्याच्या वर हवेची काळी चंद्रकोर उमटते. गंमत अशी की ही कोर बऱ्याचदा चांगली बातमी असते, कारण ती पांढऱ्या पेशी परतल्यावर दिसते.

आणि इथेच पुस्तक आपल्याला फसवतं. या खुणा ठरल्या त्या पांढऱ्या पेशी संपलेल्या रुग्णांत. फ्लू किंवा कोविडने आयसीयूत गेलेल्या माणसाच्या पेशी बहुधा जागेवर असतात. त्याच्यात अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी आधी श्वासनलिकांतून पसरते, तिथे ना खळं ना कोर. नुसते ठिपके, पालवी फुटलेल्या फांदीसारखे, किंवा नवा पांढरा डाग. शिवाय खळं असलं तरी दिसणार कुठे? सगळं फुफ्फुस आधीच दुधी. दुधी काचेवर दूध सांडलं तर शोधायचं कसं?

म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर : जुना सीटी. एकट्या चित्रापेक्षा दोन चित्रांमधला फरक जास्त बोलतो.

---

सातारकर_बापू | रवि, रात्री १०:५०

डॉक्टर, मेदूवड्यानं एकदम ध्यानात आलं बघा. आमच्याकडं तवा एकच शब्द चालायचा, स्कोअर. पारावर बसून लोक सांगायचे, माझा बारा, त्याचा अठरा, ह्याचा बावीस आन तरी चालत घरी आला. जणू दहावीचे मार्क. त्या स्कोअरमध्ये बुरशी मोजत्यात का?

---

छायाप्रकाश | रवि, रात्री ११:०५

नाही बापू. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला किती व्यापलं त्याप्रमाणे ५ पैकी गुण, एकूण २५. तो फक्त पसारा मोजतो. माझ्या त्या रुग्णाचा दुसऱ्या वेळचा स्कोअर पहिल्यापेक्षा कमी होता! नातेवाईक खूश होते, "तेराचा आठ झाला." आणि वर तो मेदूवडा.

---

भिंगवाली | सोम, सकाळी ७:२०

मायक्रोबायोलॉजीवाली म्हणून माझे दोन पैसे. डॉक्टरांचा मेदूवडा आमच्या टेबलावर येतो तेव्हा तो चमचाभर पाण्यासारखा नमुना असतो. ब्रॉन्कोस्कोपीत सलाइन सोडून परत ओढलेलं पाणी. काचेवर थेंब, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, थोडा वेळ थांबायचं म्हणजे बाकीच्या पेशी विरघळतात, आणि मग सूक्ष्मदर्शक. अ‍ॅस्परजिलसचे धागे बारीक, पडदे असलेले, कडुनिंबाच्या काडीसारखे कोनात फुटणारे. म्युकरचे रुंद, पडदे जवळपास नसलेले, चुरगळलेल्या रिबिनीसारखे. हे अर्ध्या-पाऊण तासात कळू शकतं. कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, दिवस लागतात.

एक विनंती, कुणी निवासी डॉक्टर वाचत असतील तर. म्युकरचा संशय असेल तर फॉर्मवर तसं लिहा. ऊतीचा तुकडा आला आणि आम्ही नेहमीसारखा खलबत्त्यात घोटला, तर म्युकरचे नाजूक धागे मरतात आणि कल्चर कोरं येतं. माहीत असेल तर आम्ही तो नुसता बारीक कापतो. एवढ्या एका ओळीने फरक पडतो, आणि फॉर्मवर काय लिहून येतं? 'पीयूओ', म्हणजे कारण न कळलेला ताप. बास.

दुसरं : गॅलक्टोमॅनन. ही अ‍ॅस्परजिलसची चाचणी आहे, म्युकरमध्ये ती निगेटिव्हच येते. निगेटिव्ह आली म्हणून 'बुरशी नाही' असं घरी सांगू नका. आणि व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णात ती रक्तात केली तर अ‍ॅस्परजिलस असूनही बरेचदा निगेटिव्ह येते. फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात करावी लागते.

तिसरं, आणि याचा मला फार राग आहे : थुंकीत कॅन्डिडा नावाची बुरशी वाढली म्हणून फुफ्फुसाच्या बुरशीचं औषध. कॅन्डिडा तोंडात, घशात राहतेच. थुंकीतल्या कॅन्डिडामुळे न्यूमोनिया ही अत्यंत विरळा गोष्ट आहे.

(अवांतर : अ‍ॅस्परजिलस हे नाव १७२९ मध्ये मिकेली नावाच्या इटालियन पाद्र्याने दिलं. चर्चमध्ये तीर्थ शिंपडायचं जे साधन असतं तसं त्याला ते दिसलं. आपल्याकडचा कुणी असता तर दर्भाची जुडी म्हणाला असता.)

---

बिनधास्त_बंड्या | सोम, दुपारी १:१५

छान धागा, पण प्रश्न विचारणारच. तेव्हा गल्लीबोळात सीटी काढले गेले. कुणी म्हणे एक सीटी म्हणजे तीनशे एक्स-रे. मग आता तुम्ही म्हणताय जुना हवा, नवा हवा, दोन्ही शेजारी हवेत. सेंटरवाल्यांचा धंदा बरा चाललाय की! आणि ती काळी बुरशी कारखान्यातल्या ऑक्सिजनमुळे आली असं माझ्या ग्रुपवर फिरत होतं, त्याचं काय?

---

छायाप्रकाश | सोम, रात्री ९:३०

बंड्याभाऊ, टोमणा मान्य. चाललेल्या-फिरलेल्या, ९८ ऑक्सिजन असलेल्या माणसांचे सीटी मीही काढले आहेत. नको म्हणून सांगितलं तर ते शेजारच्या सेंटरला जात. त्यांची काहीच गरज नव्हती.

पण आकडा सुधारून घ्या. छातीचा एक्स-रे साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), नेहमीच्या डोसचा सीटी ५ ते ७. म्हणजे पन्नास-सत्तर एक्स-रे. लो-डोस पद्धतीने काढला तर दीडच्या आसपास. कमी नाही, पण तीनशेही नाही. आणि मी *आणखी* सीटी काढा म्हणत नाहीये. काढलेला टाकून देऊ नका म्हणतोय. तापाच्या तिसऱ्या आठवड्यात, साखर वाढलेली, स्टेरॉइड झालेलं, थुंकीत रक्त, अशा माणसाला ५ मिलिसिव्हर्टची काळजी दाखवणं म्हणजे घर पेटलं असताना पाण्याचं मीटर बघणं.

ऑक्सिजनचं उत्तर कडूलिंब देतील, ते आयसीयू बघतात.

---

कडूलिंब | मंगळ, रात्री १२:४०

उशिरा उगवलो, ड्यूटी होती. विदर्भात छातीविकार बघतो.

कारखान्याच्या ऑक्सिजनला ठोस पुरावा मिळाला नाही. पुरावा कशाला आहे ते सांगतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेच्याही आधी, भारतातल्या १६ रुग्णालयांनी मिळून म्युकरच्या २८७ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातले १८७ कोविडशी जोडलेले. सर्वांत मोठं कारण आटोक्याबाहेरचा मधुमेह. गरज नसताना दिलेलं स्टेरॉइडही त्यात होतंच. डेक्सामेथासोनचा डोस ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि तोही ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच. आमच्याकडे लोक तिप्पट डोस घेऊन, ऑक्सिजन ९७ असताना, चिठ्ठीवर 'चालू ठेवा' लिहून घेऊन आले.

जून २०२१ च्या अखेरीस केंद्राने देशभरात ४०,८४५ म्युकर रुग्ण सांगितले, त्यात महाराष्ट्र सगळ्यात वरच्या राज्यांत. पण बहुतेक सगळी नाक-डोळ्याची. ती दिसते : गाल सुजतो, पापणी पडते, टाळू काळा पडतो. फुफ्फुसाची दिसत नाही. तापच, खोकलाच. सीटी काढला नाही तर रुग्ण 'पोस्ट-कोविड' म्हणून घरी जातो. मोजली गेली त्यापेक्षा फुफ्फुसाची म्युकर जास्त होती असं माझं मत आहे. मतच, आकडा नाही.

आता छायाप्रकाशांनी एक गोष्ट विसरलेली आहे, जी आपल्या मातीत विसरून चालत नाही. टीबी. वरच्या खंडात पोकळी, ताप, थुंकीत रक्त, वजन कमी. हे वाक्य आमच्याकडच्या कुठल्याही ओपीडीत म्हटलं की दहापैकी नऊ जण 'टीबी' म्हणतील, आणि बहुतेक वेळा बरोबर असतील. म्हणून कोविडनंतरच्या बुरशीला टीबीची औषधं सुरू झालेले रुग्ण मी पाहिलेत. फरक वेगाचा असतो. टीबी महिन्यांत सरकतो. म्युकरची पोकळी काही दिवसांतच वाढते. पुन्हा तेच, जुना सीटी लागतो. क्लेब्सिएला, स्टॅफ यांसारखे जिवाणूही पोकळी करतात, फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली तरी मेलेला तुकडा तसाच दिसतो. कोविडमध्ये गुठळ्या तर पैशाला पासरी.

आणि याच्या उलटही होतं. जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीच्या पोकळीत अ‍ॅस्परजिलसचा गोळा. खुळखुळ्यातला खडा. रुग्णाला पालथं झोपवून सीटी काढला की खडा जागा बदलतो. हा निवांत आजार आहे, वर्षानुवर्षं राहतो, फ्लूनंतरच्या बुरशीशी त्याची गल्लत करू नये. पण रक्त यायला लागलं तर निवांत राहत नाही.

आता साखरपुड्यातल्या काकांना उत्तर. 'फंगल' लिहिलं म्हणून औषध का देत नाही? कारण 'फंगल' नावाचं एक औषध नाही. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनॅझोल. ते म्युकरला शून्य लागू पडतं. म्युकरला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, त्याने क्रिएटिनिन चढतं (म्हणजे मूत्रपिंडावर ताण), पोटॅशियम उतरतं, रोज रक्त तपासावं लागतं. आणि मे २०२१ मध्ये त्याच्या कुप्या मिळत नव्हत्या. एका रुग्णासाठी दिवसाला पाच-सहा कुप्या लागतात, वाटपात दोन येत. संशयावर सुरू करायचं तर त्या दोन कुणाच्या तोंडच्या काढायच्या? चार दिवस लागले असतील तर त्यातले किती विचारात गेले आणि किती कुप्या शोधण्यात, ते त्या डॉक्टरलाच ठाऊक.

तरीही खरं सांगतो : दाट संशय असेल तर नमुना घेऊन, उत्तराची वाट न बघता सुरू करायचं असतं.

---

छायाप्रकाश | मंगळ, सकाळी ८:०५

टीबीचं राहिलं, कान पकडतो. आमच्या रिपोर्टात 'टीबी अथवा फंगल' ही जोडी इतक्यांदा येते की ती मी वाक्य न समजता विरामचिन्ह समजायला लागलोय.

एक भर. कोविडमध्ये फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साधारणपणे होत नाही. तिसऱ्या आठवड्यात नव्याने झालं, तर मी खुर्चीत सरळ बसतो. कर्करोगाच्या रुग्णांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात दहापेक्षा जास्त गाठी आणि आवरणात पाणी या दोन गोष्टी अ‍ॅस्परजिलसपेक्षा म्युकरकडे बोट दाखवणाऱ्या ठरल्या होत्या. आणि थुंकीत बरंच रक्त असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य) देऊन धमन्यांचा सीटी. म्युकर धमनीची भिंत खाते, तिथे फुगा येतो, आणि तो फुटला तर वेळ मिळत नाही. अडचण अशी की कॉन्ट्रास्टही मूत्रपिंडालाच जड आणि अ‍ॅम्फोटेरिसिनही.

---

रॉटरडॅमची_मनी | मंगळ, दुपारी ४:३०

इथे आयसीयूत नर्स आहे. हा विषय आमच्याकडे कोविडच्या आधीपासून घराघरात, म्हणजे आयसीयू-आयसीयूत आहे. २०१८ मध्ये डच आणि बेल्जियन आयसीयूंचा अभ्यास आला : फ्लूने आयसीयूत आलेल्या ४३२ रुग्णांपैकी १९ टक्क्यांना अ‍ॅस्परजिलस. प्रतिकारशक्ती आधीपासून कमी नसलेल्यांतही १४ टक्के. ९० दिवसांत मृत्यू ५१ टक्के, बुरशी नसलेल्यांत २८. त्याआधी 'धडधाकट माणसाला फ्लूनंतर बुरशी' हे फार कमी जणांच्या डोक्यात असायचं. फ्लूमध्ये ती आयसीयूत आल्यावर पहिल्या काही दिवसांतच येते, कोविडसारखी रेंगाळत नाही.

डॉक्टर, तुम्ही म्हणता सीटी शेजारी लावा. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला सीटीला नेणं म्हणजे काय ते सांगते. सात पंप, एक सिलिंडर, प्रवासी व्हेंटिलेटर, छातीतली नळी, लघवीची पिशवी. लिफ्टमध्ये आम्ही चौघं श्वास रोखून. टेबलावर सरकवताना नळी एक सेंटीमीटर हलली तरी संपलं. दहा मिनिटांच्या सीटीसाठी दीड तास. म्हणून तेव्हा बहुतेकांचे रोजचे पोर्टेबल एक्स-रेच व्हायचे.

आणि नलिकांमधल्या प्रकारात कधीकधी सीटी स्वच्छ असतो आणि ब्रॉन्कोस्कोप आत घातला की श्वासनळीच्या भिंतीवर पांढरे चट्टे. एकदा स्क्रीनवर पाहिले, अजून विसरले नाही. ओल्या भिंतीला आलेल्या बुरशीसारखेच.

---

छायाप्रकाश | मंगळ, रात्री १०:००

मनीताई, हे आम्ही थंड खोलीत बसून विसरतो. आडव्या रुग्णाचा पोर्टेबल एक्स-रे म्हणजे हृदय मोठं दिसणार, पाणी पाठीमागे पसरून सगळंच धुरकट, वर नळ्यांचं जाळं. त्यात दोन सेंटीमीटरची गाठ मला दिसत नाही. दिसते म्हणणाऱ्याला मी चहा पाजीन.

म्हणूनच २०२० च्या अखेरीस कोविड-अ‍ॅस्परजिलसचे जे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत चित्राला दारापाशीच ठेवलंय. फुफ्फुसात डाग हवा, शक्यतो सीटीवर. पण 'संभाव्य' की 'सिद्ध' हे ठरतं नमुन्यावर. दुसऱ्या कशाने समजावता न येणारी पोकळी असेल तर तिला जरा मान. बस.

---

नंदिनी_वसई | बुध, सकाळी ११:२५

नमस्कार. नेहमी वाचनमात्र असते. माझ्या काकांना (वय ६८, मधुमेह) महिन्यापूर्वी एच१एन१ (स्वाइन फ्लू) झाला, आठ दिवस अ‍ॅडमिट होते, स्टेरॉइड दिलं होतं. आता पुन्हा ताप. काल सीटी झाला, रिपोर्टात 'कॅव्हिटेटिंग कन्सॉलिडेशन, लेफ्ट लोअर लोब, फंगल ऑर बॅक्टेरियल' लिहिलंय, म्हणजे डाव्या खालच्या खंडात पोकळी पडलेला डाग, बुरशीचा किंवा जिवाणूचा. काकू घाबरली आहे. फिल्मचा फोटो जोडत आहे, प्लीज कुणी बघाल का?

---

छायाप्रकाश | बुध, सकाळी ११:४०

नंदिनी, आधी तो फोटो काढून टाका. कोपऱ्यात काकांचं नाव आणि नोंदणी क्रमांक दिसतोय.

आणि फोटोवरून मी काही सांगणार नाही, राग मानू नका. सीटीत तीनशेच्या वर चकत्या असतात, फिल्मवर वीस-तीस छापतात, तुम्ही त्याचा ट्यूबलाइटखाली फोटो काढलाय. जे मला दिसेल ते बहुधा ट्यूबलाइट असेल.

पण आजच्या आज छातीविकार तज्ज्ञांकडे जा, उद्यावर टाकू नका. स्टेरॉइड किती दिवस, कुठल्या डोसने दिलं तो कागद आणि गेल्या आठवड्याच्या साखरेच्या नोंदी न्या. थुंकीत रक्त आलं का ते काकांना एकट्यात विचारा, काकूसमोर ते नाही म्हणतील. आणि महिन्यापूर्वीचा सीटी झाला होता का?

---

नंदिनी_वसई | बुध, दुपारी १२:१०

फोटो काढला, सॉरी. सीटी झाला होता पण सगळी फाइल दिवाळीच्या साफसफाईत कुठे गेली कळत नाही.

---

भिंगवाली | बुध, दुपारी १२:३०

फाइल नसली तरी त्या सेंटरच्या कॉम्प्युटरवर महिन्यापूर्वीचा सीटी बहुतेक असतोच. फोन करा आणि 'सीडी हवी' म्हणा, रिपोर्टची झेरॉक्स नाही. तपासणीची तारीख सांगा.

---

सातारकर_बापू | बुध, दुपारी १२:५५

पोरी, गादीखाली बघ आधी. आमच्याकडं समदे एक्स-रे गादीखालीच असत्यात.

---

नंदिनी_वसई | बुध, रात्री ९:१५

बापू, गादीखाली नव्हती, पण देवघराच्या मागे सापडली! सीडी. काकूने 'बरे होऊन घरी आले' म्हणून तिथे ठेवली होती, कव्हरवर कुंकवाचं बोट उमटलंय. डॉक्टरांनी दोन्ही सीटी शेजारी लावले. मागच्या वेळी डाव्या खालच्या भागात काही नव्हतं. काकांनी दोनदा रक्त आल्याचं कबूल केलं, एकट्यात. अ‍ॅडमिट केलंय, उद्या सकाळी ब्रॉन्कोस्कोपी. फॉर्मवर 'म्युकर / अ‍ॅस्परजिलस संशय' लिहायला मी सांगितलं, तर निवासी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॅबमध्ये आहात का?"

---

भिंगवाली | बुध, रात्री ९:२२

हो म्हणायचं होतं.